वन्यजीव संस्थांना नियोजनासाठीही हात हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वन्यजीव संरक्षण करणाऱ्या संस्थेला मदत करायची म्हटले, की जखमी प्राण्यांची औषधे, पिंजरे किंवा फार तर एखादे वाहन, एवढेच आपल्याला सुचते. ती मदत लागतेच. परंतु संस्थेने पुढच्या दहा वर्षांचा नीट विचार करावा यासाठी तिच्या कार्यकर्त्यांबरोबर बसणे, ही मदत फारसे कोणी देऊ करत नाही आणि संस्थाही ती मागताना संकोचतात. मी व्यवसायाने हिशेबनीस असून गेले वर्षभर अशाच एका लहान संस्थेच्या नियोजनाच्या बैठकांना जात आहे. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

पहिल्या बैठकीत कोणते प्राणी वाचवायचे, त्यांना धोका कशाचा आणि त्या धोक्याचे मूळ कशात, हे आम्ही चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर चिकटवले आणि प्रत्येक चिठ्ठीखाली त्या कामावरचा गेल्या वर्षीचा खर्च मांडला. बहुतेक पैसा जखमी प्राण्यांच्या उपचारांवर गेला होता, आणि ज्या रस्त्यावर ते प्राणी जखमी होत होते, त्या रस्त्याच्या चिठ्ठीखाली शून्य होते. उपचार करण्यात काही चूक नव्हती. पण त्यांना देणगीदार मिळत होते आणि रात्रीची वाहतूक थांबवण्यासाठी करावयाच्या पाठपुराव्याला मिळत नव्हते, त्यामुळे ते काम मागेच पडत गेले होते. धोक्यापासून उपायापर्यंत आणि उपायापासून परिणामापर्यंतची साखळी आधी स्पष्ट लिहून काढावी, हे सूत्र काही आमचे नव्हे. ‘कन्झर्व्हेशन मेझर्स पार्टनरशिप’ या संवर्धन संस्थांच्या गटाने २००४ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या ‘ओपन स्टँडर्ड्स’ या कार्यपद्धतीचा तो पाया आहे, आणि जगभरातील अनेक संस्था तिच्या आधारे आपले आराखडे करतात.

याहून अवघड प्रश्न होता तो संस्थापकांचा. पंचवीस वर्षांच्या नोंदवह्या त्यांच्या कपाटात होत्या. काहींची पाने ओलीने चिकटलेली, घरट्यांच्या जागी केवळ ‘वाकडे झाड, नेहमीचे’ असे लिहिलेले. ते झाड कोणते, हे सांगू शकणारी व्यक्ती एकच होती. त्यांच्यानंतर काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर काढायला कोणी धजेना, आणि शेवटी तो त्यांनी स्वतःच काढला. संस्थापकांनंतरही काम कसे टिकते, याचे एक उदाहरण आहे. पर्वतीय गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांनी १९६७ साली रवांडात कारिसोके हे संशोधन केंद्र सुरू केले आणि डिसेंबर १९८५ मध्ये तेथेच त्यांची हत्या झाली. तरीही पर्वतीय गोरिलांच्या संरक्षणाचे काम सुरू राहिले, कारण १९७८ साली त्यांनीच उभा केलेला निधी, प्रशिक्षित माग काढणारे आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी मागे होत्या. २०१८ साली धोक्यातील प्रजातींच्या जागतिक ‘लाल यादी’त या गोरिलांना ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आणता आले, त्यात इतर अनेक संस्थांच्या कामाबरोबर या सातत्याचाही वाटा आहे.

काम कधी आटोपते घ्यायचे, हेही आराखड्यातच ठरायला हवे. मॉरिशस केस्ट्रेल या ससाण्याच्या कुळातील जातीचे १९७४ साली निसर्गात अवघे चारच पक्षी उरल्याची माहिती होती. अंडी उबवून पिल्ले वाढवणे, त्यांना पुन्हा सोडणे, कृत्रिम घरटी लावणे अशा अनेक वर्षांच्या कष्टांनंतर त्यांची संख्या शेकड्यांत गेली, आणि नव्वदच्या दशकात ही सघन देखभाल कमी करण्यात आली. पुढे संख्या पुन्हा घसरली व २०१४ साली या पक्ष्याला परत ‘संकटग्रस्त’ गटात टाकावे लागले. तीन वर्षांच्या प्रकल्पाला मिळणाऱ्या पैशावर जगणाऱ्या संस्थेने ही गोष्ट जपून ठेवावी. प्रकल्प संपला म्हणून पक्ष्याची गरज संपत नाही.

म्हणूनच देणगीदारांना माझी कळकळीची विनंती आहे की देणगीचा काही भाग तरी कोणत्याही एका कामाला न बांधता द्यावा. आमच्या परिचयातील एका देणगीदाराने वाहन दिले, पण चालकाचा पगार आणि इंधन ‘आमच्या नियमात बसत नाही’ असे सांगितले. ते वाहन आठ महिने ताडपत्रीखाली उभे होते. कायम निधीत घातलेला पैसा फलकावर दिसत नाही, परंतु अनुदान लांबले त्या महिन्यात माग काढणाऱ्याचा पगार त्यातूनच होतो. ज्यांना पैसा देणे शक्य नाही, अशा निवृत्त लेखापाल, वकील, ग्रंथपाल आणि संगणक जाणणाऱ्यांनी महिन्यातील दोन संध्याकाळी दिल्या तरी पुष्कळ आहे. आमच्याकडे एका निवृत्त ग्रंथपालांनी त्या ओलसर वह्यांची पाने सुटी करून त्यांची छायाचित्रे काढली, आणि आता दोन तरुण कार्यकर्ते प्रत्येक फेरीला संस्थापकांबरोबर जाऊन झाडागणिक जागेच्या नोंदी घेत आहेत. ‘वाकडे झाड’ गेल्या महिन्यात नकाशावर आले.

आपल्या वृत्तपत्रात प्राण्यांच्या सुटकेच्या बातम्या आवर्जून येतात. त्यांच्याबरोबर, अशा संस्थांना नियोजनासाठी कोणत्या कौशल्याची माणसे हवी आहेत, हेही अधूनमधून छापता आले तर अनेक वाचक पुढे येतील, अशी मला खात्री आहे.

आपला,
एक वाचक