रिपीटरच्या पीसीला वळण लावणाऱ्या काकांना

काका नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "ते राहू दे, एसडब्ल्यूआर (अँटेना किती नीट जुळलीय त्याचं माप) किती आला सांग" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

डोंगरावरच्या आपल्या हॅम रेडिओच्या टू मीटर बँडच्या रिपीटरला (आलेला आवाज पकडून पुन्हा लांबवर सोडणारं यंत्र) कंट्रोलर म्हणून ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स आणि रिपीटर चालवणारं एसव्हीएक्सलिंक. सॉफ्टवेअर एक नंबर, टोबियास ब्लोमबर्ग नावाच्या स्वीडिश हॅमने बनवून फुकट देऊन ठेवलंय, मोर्समधे रिपीटरची आयडी देतं, डीटीएमएफ (फोनच्या बटणांसारखे टोन) ओळखतं, इंटरनेटवरून हॅमना जोडणाऱ्या एकोलिंकला जोडतं. पण लाईट जाऊन आली की बूट होताना सिरीयल पोर्टच्या, ज्यांच्यावरून ट्रान्समीटर चालू होतो त्या, आरटीएस आणि डीटीआर दोन्ही पिना हाय व्हायच्या आणि कोणी बोलत नसताना ट्रान्समीटर ऑन! जो तो म्हणे कॉन्फिग तपासा. तुम्ही एकटे म्हणालात, अरे जे सॉफ्टवेअर अजून सुरूच झालं नाही ते थांबवणार कसं?

मग तुम्ही ऑप्टोकपलरचा (आतल्या एलईडीच्या उजेडाने स्विच लावणारा पार्ट) एलईडी ग्राउंडला न जोडता आरटीएस आणि डीटीआरच्या मधेच टाकलात, सोबत १ के रेझिस्टर आणि उलटा एक डायोड. दोन्ही पिना हाय, करंट नाही. दोन्ही लो, तरी नाही. आरटीएस हाय आणि डीटीआर लो झाली तरच पीटीटी (ट्रान्समीटर चालू करणारा स्विच) लागतो, आणि कॉन्फिगमधे पीटीटी पिनच्या जागी आरटीएस, मग उद्गारचिन्ह, मग डीटीआर एवढंच लिहायचं. चार रुपयांचे पार्ट हो! मी तर बघतच राहिलो.

वर ५५५ चा टायमर पीटीटीच्या वायरमधेच, पीसीला त्याचा पत्ताही नाही. सॉफ्टवेअरचा टाइमआऊट ३ मिनिटं, ह्याचा साधारण ४, म्हणजे पीसी पीटीटी दाबून हँग झाला तरी ट्रान्समीटर सुटतो. लोक विचारतात एवढं कशाला, वॉचडॉग (पीसी अडकला की त्याला रीस्टार्ट करणारा टायमर) आहे की. आहे ना, पण वॉचडॉग मशीन रीस्टार्ट करतो, आणि रीस्टार्ट होतानाच तर आपली बोंब होती.

बायोसमधे लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग सगळेच करतात, पण मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेला की ते सेटिंग उडतं आणि भर पावसात मशीन बंदच्या बंद, हे तुमच्याशिवाय कोणी सांगितलं नव्हतं. आता पावसाळ्याआधी सेल बदलायचा म्हणजे बदलायचाच.

आणि हो, पुढच्या खेपेला सत्तर सेंटीमीटरचा वेगळा कंट्रोल रिसीव्हर बसवायचाय, टू मीटरवर कोणी कॅरिअर (न बोलता नुसती रेडिओ लहर) सोडून बसला तरी खालून रिपीटर बंद करता आला पाहिजे. अँटेना मी करतो, डीकोडर तुमच्याकडे. गुडघा बरा असेल तर वर या, नसेल तर वायरलेसवरून ओरडा.

काकूंना नमस्कार. ७३ (हॅम लोकांच्या भाषेत शुभेच्छा).