ह्या सुट्टीत मी येत नाहीये

कोल्हापूर,
3 मे 2021

ती. आई आणि ती. बाबा यांस,
प्रभूमध्ये सलाम.

आई पत्राचं शेवटचं पान आधी वाचते, म्हणून मुद्द्याचं पहिल्याच ओळीत लिहिते. ह्या सुट्टीत मी मिरजेला येत नाहीये. ठरलंय, इथल्या चर्चच्या मंडळीत कामासाठी नाव दिलंय. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी 'बरं' म्हणून फोन आईच्या हातात दिला असता आणि आईनं फक्त 'जेवलीस का' एवढंच विचारलं असतं. त्यापुढं माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. म्हणून लिहून औषधांच्या पिशवीत घालतेय. आपला अ‍ॅम्ब्युलन्सवाला दारातच पिशवी ठेवील. त्याला चहाला आत बोलावू नका.

शाळेला 1 तारखेपासून सुट्टी लागली हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल, आणि आईनं माझी गादी उन्हात टाकलीही असेल. कोरोनामुळं जिल्हा ओलांडायला ई-पास लागतो. आईवडील आजारी आहेत असं लिहिलं की तो मिळतो म्हणे, पण तुम्ही धडधाकट असताना तसं लिहायला माझा हात धजत नाही. आणि पास मिळाला तरी काय? मी रोज परक्या दारांत उभी असते. माझा एकच डोस झालाय, तोही एप्रिलमध्ये. आपल्या घरात मोरी एक, संडास एक, आणि बाबांची साखर. मी आले तर आई मला वेगळ्या खोलीत जेवू देणार आहे का? देणार नाही. मग येऊन काय करू?

मागच्या मेमध्ये आम्ही मंडळीतल्या मुलांचं पन्हाळ्याचं शिबिर सरळ रद्द केलं होतं. सगळं बंद होतं, कुणाला काही सुचतच नव्हतं. यंदा ईस्टर देवळात झाला आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळपासून देवळं पुन्हा बंद, तेव्हा तरुण संघाची पोरं म्हणाली, पन्हाळा नाही तर नाही, शिबिर घरात नेऊ. मला आधी ते पटलं नव्हतं. शिबिर म्हणजे तीन दरवाजापर्यंतची शर्यत, वळवाचा पाऊस आला की व्हरांड्यात सगळ्यांची एकच कोंबाकोंबी, आणि आईच्या हातची आमटी (साखर पडली ते वर्ष सोडून). ते फोनवर कसं होणार? पण मुलं वर्षभर घरात कोंडलेली आहेत. दहावीच्या मुलांची तर परीक्षाच रद्द झाली, ती नुसती बसून आहेत.

तर आता असं चाललंय. प्रत्येक मुलाच्या घरी एक कापडी पिशवी जाते. तीत रंगीत कागद, खडू, डिंकाची बाटली, बायबलच्या वचनांची कार्डं आणि राजगिऱ्याचे लाडू. पिशव्या महिला मंडळानं जुन्या साड्यांच्या शिवल्यात. आई, तुझी ती मोरपंखी साडी मी दिली, रागावू नकोस, तिच्या छान सहा पिशव्या झाल्या. झूम वगैरे आम्ही आधीच सोडून दिलं. सदर बाजार, विचारे माळ, कदमवाडी इथल्या बऱ्याच घरांत फोन एकच, तो वडिलांबरोबर शिरोलीला कामावर जातो आणि संध्याकाळी सातला परत येतो. दिवसाचा नेट तोवर शाळेच्या व्हिडिओंनी संपवलेला असतो. म्हणून गोष्ट आवाजात रेकॉर्ड करून पाठवायची, सहा-सात मिनिटांची, आणि वडील घरी आले की चार-पाच मुलांना एकत्र फोन लावायचा. रेकॉर्डिंगच्या वेळी मी तुमची जुनी गोधडी डोक्यावरून घेऊन बसते, नाहीतर मधेच रस्त्यावरचा भोंगा येतो.

यंदा बायबलमधली नोहाच्या तारवाची, महापुरातल्या त्या मोठ्या नावेची गोष्ट घेतलीय. सगळं कुटुंब एका दाराच्या आत आणि बाहेर पाणी, हे ह्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. सुतारवाड्यातल्या एकीनं लगेच सांगितलं, आमच्या गल्लीतबी बोट आलती. 2019 चा पूर तिच्या अजून डोळ्यांसमोर आहे. तारू 300 हात लांब होतं, म्हणून हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि आपलं घर किती हात आहे ते मोजा, असा गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. एक मुलगा म्हणाला, "टीचर, अकरा हात. पण मधे कॉट आहे, कॉटवरनं मोजलं." मी आपली शाबास म्हणून गप्प बसले. अकरा हातांत ते सहाजण राहतात आणि त्यातल्या एकाला पॉझिटिव्ह आल्यावर वेगळं झोपवायचं असतं.

त्याच मुलानं विचारलं, नोहाचे आई-बाबा तारवात होते का? मी सांगितलं, आठच माणसं होती. नोहा, त्याची बायको, तीन मुलगे, तीन सुना. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पाचव्या अध्यायातली वयं मांडली की त्याचे वडील पुराच्या आधीच वारले होते असा हिशेब लागतो. "आणि आई?" म्हणाला. आईचं काही लिहिलेलंच नाही. त्या रात्री मी तुम्हाला अवेळी फोन केला आणि बाबांनी 'काय झालं' विचारलं, तो हाच दिवस. काही झालं नव्हतं. नुसता आवाज ऐकायचा होता. लहानपणी ताप आला की मी आईच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचे, तसलंच काहीतरी.

बाबा, तुम्ही त्या दिवशी विचारलंत की घरी विलगीकरणात असलेल्यांना डबे देता, तर त्यात शुभवर्तमानाची एक पुस्तिका का नाही. तेव्हा मी विषय बदलला. आता सांगते. मुलांच्या पिशवीत वचनं आहेत, कारण त्यांच्या आईवडिलांनी विचार करून नावं दिलीत. डब्याचं तसं नाही. घरात दोघं तापानं पडलेली, चूल बंद, आणि आपण दारात गरम भाकरी घेऊन उभे. त्याच हातानं पुस्तिका पुढं केली तर घेणाऱ्याला 'नको' म्हणायची सोयच राहत नाही. शिवाय डबे पोचवायला आमच्याबरोबर भागातल्या तालमीची पोरं आहेत, मोटारसायकली त्यांच्याच. कोणाचा डबा कुठं जातो हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांच्या हातून आपली पुस्तिका कशी वाटायची? 2005 च्या पुरात तुम्ही शिध्याबरोबर वाटल्या होत्यात आणि तुमच्या मनात काही वावगं नव्हतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. पण उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन मला घोकून घ्यायला लावलं ते तुम्हीच. कुणी आपणहून विचारलं, तुम्ही कोण, कशासाठी करता, तर सांगतोच की. परवा एका आजोबांनी बंद दाराआडून विचारलं. मी जिन्यातच पाच मिनिटं बोलले.

माझी काळजी करण्यासारखं काही नाही. मी कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही. दाराच्या कडीला पिशवी अडकवायची, बेल वाजवायची आणि जिन्याच्या चार पायऱ्या खाली येऊन थांबायचं. दार थोडंसं उघडतं, एक हात येतो, पिशवी आत जाते. बस. तोंडावर दोन मास्क असतात. घरी आल्यावर कपडे लगेच भिजत टाकते, डोक्यावरून पाणी घेते, आणि आई, केस पुसल्याशिवाय झोपत नाही. जेवणाचं तर विचारूच नकोस. दूध दारात येतं, भाकरी मी स्वतः थापते (गोल होतात आता), रविवारी खालच्या मावशी पांढरा रस्सा वाटीभर देतात. हापूस यंदा परवडला नाही, पण पायरी खातेय. रात्री दार लावून, कडी तपासून झोपते.

बाकी शहरात काय चाललंय ते पेपरात येतंच, मी वेगळं लिहीत नाही. तुम्हीही रोज तेच पान काढून बसू नका.

दादाशी बोलले आहे. तो पुण्याहून रोज रात्री नऊला व्हिडिओ लावील. मी येत नाहीये म्हटल्यावर तो दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, तू बाबांचीच पोरगी. बाबा, 1894 साली मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी मिरजेत दवाखाना उघडला तिथपासूनच्या गोष्टी तुम्ही आम्हाला झोपताना सांगायचात. त्याची थोडीफार जबाबदारी तुमच्याकडेही येते.

आता नीट ऐका. बाबांनी सकाळी सात ते अकराच्या गर्दीत लक्ष्मी मार्केटला जायचं नाही. कोथिंबिरीसाठी तर नाहीच. समोरच्या मुलाला पैसे दिलेत, तो भाजी गेटला अडकवील. मार्चमधला डोस होऊन दुसऱ्याची वेळ आलीय, पण पहाटे रांगेत उभं राहायचं नाही. लस आली की तो मुलगाच सांगेल, मग रिक्षानं जा, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन. ऑक्सिमीटर पिशवीत आहे. नखाला मेंदी असली तर आकडा चुकीचा येतो, आई, तेव्हा मेंदी नसलेलं बोट घाल. 94 च्या खाली आला तर मला नाही, आधी डॉक्टरांना फोन. दिवसातून चार वेळा वाफ घेणं बंद कर, नाक भाजून घेशील. काढ्यात मिरी कमी टाक, बाबांची जळजळ त्यानंच वाढलीय. रविवारची उपासना मोबाईलवरच बघायची, इस्त्रीचा शर्ट घालून बसलात तरी माझी हरकत नाही, पण दानाची पाकिटं पोचवायला खजिनदारांकडं जाऊ नका. ती पाकिटं 'उपासना संगीत' ह्या गीतांच्या पुस्तकात साठवून ठेवा, देव काही घाईत नाही.

पावसाळ्याच्या आधी, दुसरा डोस झाला आणि इथलं काम हलकं झालं, की येतेच. गादी तोवर रोज उन्हात टाकू नकोस, कंबर धरेल.

तुमची,
बेबी

ता. क. मेतकूट अर्धी बरणी शिल्लक आहे, नवीन करायला बसू नकोस. केलंच असशील तर गाडीवाला शनिवारी परत येताना घेईल. स्टीलच्या डब्यात दे, काचेच्या बरणीत नको.