तरंगत्या हॉटेलाचा परवाना तळ पाहून द्या : जलवाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलवाहतूक मंत्री,
स.न.वि.वि.

जुन्या मालवाहू बार्जचे, म्हणजे सपाट तळाच्या नौकेचे, हॉटेल करायचे म्हणून जी फाइल येते, तिच्यात खोल्यांची आणि गच्चीची रंगीत चित्रे भरपूर असतात. तळाच्या पत्र्याबद्दल चार ओळीही नसतात. परवान्याचा हा क्रम बदलावा, एवढ्यासाठी हे पत्र.

बार्जची घडण तळाशी माल भरण्यासाठी असते. हॉटेल झाल्यावर माल जातो, वर दोन मजले चढतात. हलकी झालेली बार्ज पाण्यात वर येते, गुरुत्वमध्य वर सरकतो आणि उंच भिंतींवर वारा आदळतो. त्यात 80 पाहुणे गच्चीच्या एकाच कठड्याशी जमले, तर माणशी 75 किलो धरून सहा टन एका बाजूला गेले! म्हणून बांधकामाआधी स्थिरतेची आकडेमोड आणि काम संपल्यावर झुकाव चाचणी, दोन्ही सक्तीच्या करा. चाचणी अवघड नाही. शांत पाण्यात दोर सैल सोडायचे, टाक्या काठोकाठ भरायच्या किंवा पूर्ण रित्या करायच्या, मोजलेली वजने डेकवर आडवी सरकवायची आणि लंबकाने कल मोजायचा. पुढे गच्चीवर नुसते छप्पर घातले तरी आकडेमोड नव्याने हवी.

सांडपाण्याचाही विचार तोलातच येतो. 50 माणसांचे, दरडोई 150 लिटरने, रोज साडेसात टन होते. रुंद, अर्धवट भरलेल्या टाकीत हे पाणी बार्ज कलेल त्याच बाजूला धावते. टाक्या अरुंद ठेवाव्यात, आत उभ्या भिंती घालाव्यात.

तोल साधण्यासाठी तळात काँक्रीट ओतण्याची पद्धत मात्र बंद करा. त्याखालचा गंज पुन्हा कुणाला दिसत नाही. भार सुट्या ठोकळ्यांचा, जागेवर आवळलेला आणि तपासणीला काढता येईल असा हवा.

पत्र्याची जाडी सुक्या गोदीत, चौकटी आखून, अल्ट्रासोनिक गेजने मोजावी. सरासरीवर विसंबू नये. 8 मिमीचा पत्रा सरासरी 7 भरतो आणि पाणरेषेजवळच्या एखाद्या खड्ड्यात 3च उरलेला असतो. तेवढा तुकडा कापून नवा बसवावा. वरून ठिगळ जोडले की दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते. बंद टाकीत उतरण्याआधी हवा तपासलीच पाहिजे, कारण गंज ऑक्सिजन खातो. प्रमाण 19.5 टक्क्यांखाली असेल तर माणूस आत पाठवू नये.

सर्वात जास्त दुर्लक्ष बल्कहेडकडे होते. पाणी एकाच कप्प्यात अडावे म्हणून त्या आडभिंती असतात, आणि नळ व केबल नेण्यासाठी त्यांनाच भोके पाडली जातात. 110 मिमीच्या भोकातून 100 मिमीचा प्लास्टिकचा नळ, भोवती फोम, वर शोभेचे पॅनेल. एका कप्प्यात पाणी शिरले की फोम निघून येतो, आगीत नळ वितळतो, आणि पुढचा कप्पाही भरू लागतो. प्रत्येक छिद्राला जलरोधक ग्लँड, म्हणजे नळ-केबलभोवतीची फट घट्ट बंद करणारा जोड, हवी आणि पॅनेल चढण्याआधी तपासनिसाची सही हवी.

ही सही कुणाची, हे आपणच ठरवून द्या. बार्ज हलत नाही म्हणून जहाज तपासणारे तिला इमारत म्हणतात. तरंगते म्हणून इमारत तपासणारे जहाज म्हणतात. नियमात एकच जबाबदार अधिकारी नेमावा. पत्र्याच्या जाडीचा तक्ता, स्थिरतेचा अहवाल आणि बल्कहेडच्या छिद्रांचा नकाशा त्याच्या हाती पडल्याशिवाय पाहुण्यांना प्रवेश नको.

आपले,
बार्जबांधणी व दुरुस्तीच्या कामातील तंत्रज्ञ