मुठीत धरलेला ऑक्सिजन

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुम्ही मला भूकवच, म्हणजे पृथ्वीचा सर्वांत बाहेरचा खडकाळ थर, शिकवलंत, त्याला बरीच वर्षं झाली. आभार मानायचे राहून गेले होते, ते आज सगळ्यांसमोर मानते.

त्या दिवशी मी कवचातल्या मूलद्रव्यांचा तक्ता पाठ करून आले होते. वजनाने ऑक्सिजन ४६.६ टक्के, सिलिकॉन २७.७, अ‍ॅल्युमिनियम ८.१, लोह ५. घडाघडा म्हणून दाखवला. तुम्ही काही न बोलता ग्रॅनाइटचा तुकडा माझ्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "यातला ऑक्सिजन दाखव." मी गप्प. ऑक्सिजन म्हणजे हवा, एवढंच डोक्यात बसलेलं.

मग भिंग दिलंत. धुरकट काचेसारखे कण क्वार्ट्झचे, गुलाबी आणि तिरपं धरलं की लकाकणारे फेल्डस्पारचे, नखाने पापुद्रा सुटेल असं काळं अभ्रक. नंतर तुमच्या दोन मुठी आणि माझ्या दोन मुठी एकमेकींना टेकवून मधल्या खाचेत खडूचा तुकडा बसवलात. मुठी ऑक्सिजनच्या, खडू सिलिकॉनचा. कवचातले बहुतेक खडक याच बांधणीचे. ऑक्सिजनचे अणू असे ऐसपैस बसतात, म्हणून वजनात निम्म्याहून कमी असूनही कवचाची नव्वद टक्क्यांहून जास्त जागा तेच व्यापतात. पाठ केलेला तक्ता मला त्या क्षणी पहिल्यांदा कळला.

माझा दुसरा गैरसमजही तुम्हीच काढलात. आकृतीत कवचाखाली लाल रंग असायचा, म्हणून खाली लाव्हाचा समुद्र आहे असंच मी धरून चालले होते. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातून, मात्र आरपार जातात, म्हणजे प्रावरण घन आहे, हे तुम्ही समजावलंत. किती साधा पुरावा! क्रोएशियाचे भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांनीही १९०९ साली झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या नोंदी अशाच बारकाईने वाचल्या. काही लहरी अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचल्या होत्या, म्हणजे खोलवर कुठेतरी त्यांचा वेग एकदम वाढत होता. कवचाचा तळ असा सापडला, एक खड्डाही न खणता. खणून तिथवर पोहोचणं आजही जमलेलं नाही. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर खणलेलं छिद्र १९८९ साली १२,२६२ मीटरपर्यंत गेलं, पण तिथल्या कवचाची निम्मी जाडीसुद्धा त्याने पार केली नाही.

महासागराखालचं बेसाल्टी कवच जेमतेम ७ किलोमीटर जाडीचं, खंडांचं साधारण ३० ते ५०, हिमालय-तिबेटखाली ७०च्या आसपास. घन प्रावरणही लाखो वर्षांत हळूहळू वाकतं, आणि खंडांचे हलके खडक त्यावर तरून राहतात. जितका उंच डोंगर, तितकं त्याचं मूळ खोल. हे सांगताना तुमचा आवाज हळू झाला होता, ते मला अजून आठवतं.

तुकडा परत द्यायला आले तेव्हा तुम्ही "राहू दे तुझ्याकडे" म्हणालात. तो माझ्या टेबलावर आहे. परवा भाचीने तो उचलून विचारलं, "मावशी, दगड कशाचा बनतो गं?" मी तिला भिंग दिलं, नंतर दोघींनी मुठी टेकवल्या. खडू नव्हता, म्हणून मध्ये खोडरबर ठेवलं.

तुमची विद्यार्थिनी