फाइल पोलिसांनी बंद केली नाही

चि. निहारास,
अनेक आशीर्वाद.

लॅपटॉपचोरीची फाइल बंद झाल्याचं पत्र आल्यापासून तू लिस्बनच्या पोलिसांच्या नावानं खडे फोडतो आहेस. ते पत्र पुन्हा काढ आणि आत आदेश कोणाचा आहे ते बघ. ‘मिनिश्तेरियु पुब्लिकु’चा असणार, म्हणजे सरकारी वकिलाचा.

आपल्याकडे तपास पोलिसांचा. आयओ, म्हणजे तपास अधिकारी, पंचनामा करतो, जबाब घेतो, चार्जशीट कोर्टात धाडतो, आणि त्यातली भोकं बुजवायला पुढं उभ्या आम्ही सरकारी वकील. दोन्ही पंच एकाच पानटपरीवरचे निघाले तरी चेहरा सरळ ठेवून युक्तिवाद करायचा. पोर्तुगालात 1987 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं तपासच सरकारी वकिलाच्या हाती दिलाय. दर्जानं तो मॅजिस्ट्रेट, आणि सरकारच्या हुकमाचा ताबेदार नाही. गंभीर गुन्ह्यांमागे पोलिसिया जुडिसियारिया हे गुन्हे तपासणारं पोलीस दल धावतं, एरवी शहरात पीएसपी हे पोलीस, खेड्यापाड्यात जीएनआर हे दुसरं दल. पण तपासापुरते सगळे त्याच्या सांगण्याखाली. किरकोळ प्रकरणात तो बरंचसं काम पोलिसांवर सोपवतो, म्हणून तुला फक्त गणवेशच दिसला. खटला भरायचा की फाइल मिटायची, हे मात्र तोच ठरवतो. जन्मभर दुसऱ्याची चार्जशीट वाचलेल्या बाईला याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू!

अर्थात त्यालाही रान मोकळं नाही. घरझडती, फोन टॅपिंग, कोठडी यांसाठी तपासावर वेगळा न्यायाधीश असतो, त्याची परवानगी लागते. अटक झालेल्याला 48 तासांत त्याच्यापुढं न्यावं लागतं, आपल्याकडे 24. रात्री नऊ ते सकाळी सात कोणाच्या घरात शिरायचं नाही, मोजके अपवाद सोडून.

मॅडलिन मॅककॅनचं प्रकरण आठवतं? 2007 मध्ये पोर्तुगालातल्या प्राया दा लूझ गावातून ती छोटी ब्रिटिश मुलगी नाहीशी झाली, तेव्हा टीव्हीवर सगळी चर्चा पोलिसांची. पण जुलै 2008 मध्ये फाइल मिटली ती सरकारी वकिलांच्या आदेशानं, आणि 2013 मध्ये उघडली तीही त्यांच्याच.

तेव्हा तुझीही उघडू शकते, नवा पुरावा हवा. वरच्या सरकारी वकिलाकडे दाद मागता येते, पण तिची मुदत तोकडी आणि तुझ्याकडे त्याहून चांगलं काही आहे. जुन्या वस्तूंच्या साइटवर तुझ्या मित्राला जो लॅपटॉप दिसला, त्याच्या झाकणावर आपल्या तालमीचा स्टिकर आहे म्हणालास ना? लिस्बनमध्ये तो आणखी कोणाकडे असणार! जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढ, आणि पत्रावरचा प्रकरण क्रमांक घालून सरकारी वकिलाच्या कार्यालयाला लेखी दे. पोलीस चौकीत तोंडी सांगून परत येऊ नकोस.

विकणाऱ्याला गिऱ्हाईक बनून भेटायला जायचं डोक्यात असेल तर ते काढून टाक. बिल बाबांना कपाटात सापडलंय, त्यावर सिरियल नंबर आहे. रात्री स्कॅन करून पाठवतात.

तुझी,
आई