घरं पुन्हा बांधा, पण शेजार मोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर असो, भूकंप असो, वादळ असो नाहीतर दरड कोसळलेली असो, पहिले चार दिवस बातम्यांत आकडेच आकडे असतात, किती माणसं गेली, किती घरं पडली, किती मदत जाहीर झाली, आणि ते यायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण शेजार कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. कोणाची जादा किल्ली कोणाकडे असायची, कोणाच्या आजीला रात्रीच्या गोळीची आठवण कोण करून द्यायचं, कोणाचं पोर कोणाच्या घरी अभ्यासाला बसायचं, हे सगळं घराबरोबरच जातं आणि त्याची भरपाई कोणी मागतही नाही. मदत छावण्यांमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करते त्यामुळे हे जवळून बघितलंय, म्हणून लिहितेय. पत्र जरा लांबलंय तरी छापावं ही विनंती.

आधी जीव वाचवण्याचंच बघू. जपानमध्ये कोबे शहराला १७ जानेवारी १९९५ ला पहाटे भूकंपाचा धक्का बसला, ६,४०० हून जास्त माणसं गेली. ढिगाऱ्याखालून बाहेर काढावं लागलं अशी माणसं अंदाजे ३५ हजार होती आणि त्यातल्या साधारण २७ हजारांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं, पोलीस, फायर ब्रिगेड आणि सैन्याच्या वाट्याला उरलेले आले. त्यांनी कमी काम केलं असं अजिबात नाही, पण पहिल्या काही तासांत सगळीकडे एकाच वेळी पोचणं कोणत्याच यंत्रणेला जमत नाही. त्याच भूकंपात जवळच्या आवाजी बेटावर होकुदान नावाच्या गावात सुमारे ३०० जण अडकले होते आणि त्यांचा शोध त्याच दिवशी संपला, कारण गावातल्या लोकांना आणि तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन पथकातल्या पोरांना माहीत होतं की अमक्या घरातले म्हातारे कुठल्या खोलीत झोपतात. बरोबर तिथेच खणलं त्यांनी. ही माहिती कुठल्या कॉम्प्युटरमध्ये नव्हती, रोजच्या येण्याजाण्यातून डोक्यात बसलेली होती.

आता मनाचं. सुरुवातीला लोकांमध्ये एवढं बळ येतं की बघत राहावं, कधी एकमेकांशी न बोललेली माणसं एकत्र चूल पेटवतात, एकमेकांची पोरं सांभाळतात, सगळे म्हणतात आता आपण एकच कुटुंब. मग काही आठवड्यांनी मदतीच्या गाड्या कमी होतात, कॅमेरे जातात, अंगातली ताकद संपलेली असते, झोप नीट नाही, कागदपत्रांसाठी रोज रांग, आणि तेव्हा भांडणं सुरू होतात. आपत्तीनंतरच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्यांना हा उतार चांगला ओळखीचा आहे, जवळपास प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर तो येतो. पण ज्यांच्यावर वेळ येते त्यांना हे कोणी आधी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे त्यांना वाटतं आपलीच माणसं वाईट निघाली.

मी बघितलंय, पुराच्या रात्री एकमेकींची लेकरं मांडीवर घेऊन गच्चीवर बसून राहिलेल्या दोन शेजारणी पुढे एका ताडपत्रीवरून बोलायच्या बंद झाल्या. लिस्टमध्ये एकीचं नाव आलं, दुसरीचं राहिलं. दुसरी रात्री माझ्याजवळ बसून रडली तेव्हा ताडपत्रीचा विषय तिने काढलाच नाही, सारखं एवढंच म्हणत होती की माझं काय गेलं ते कोणी विचारलंच नाही हो. त्या छावणीत पुढे एक साधी गोष्ट सुरू झाली, वाटपाची लिस्ट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, कोणाला कशासाठी आधी दिलंय ते तिथेच सांगायचं, ज्यांचं नाव राहिलंय त्यांनी तिथेच हात वर करायचा. कुरकुर थांबली नाही, पण पाठीमागची कुजबुज बरीच कमी झाली. लिस्ट कोणीतरी कोपऱ्यात बसून केली की संशय आलाच, मग ती कितीही प्रामाणिकपणे केलेली असो.

एकमेकांना मानसिक आधार द्यायचा तर त्यासाठी डिग्री लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारावर एक मार्गदर्शिका काढली, ती सामान्य माणसालाही वापरता येते, तिचा गाभा म्हणजे बघा, ऐका, जोडून द्या. आधी बघायचं की जागा सुरक्षित आहे का आणि कोण जास्त हादरलेलं आहे, मग तो बोलेल तेवढं ऐकायचं, आणि त्याला काय हवंय, पाणी, औषध, हरवलेल्या माणसाची खबर, सरकारी फॉर्म, ते जिथे मिळेल तिथपर्यंत नेऊन पोचवायचं. त्यात महत्त्वाचं म्हणजे खोदून खोदून विचारायचं नाही. आपल्याला वाटतं की एकदा सगळं बोलून मोकळं झालं की बरं वाटेल, म्हणून आपण मागे लागतो, सांग ना काय काय झालं त्या रात्री. पण घटनेनंतर लगेच माणसाला बसवून सगळं पहिल्यापासून वदवून घेण्याच्या पद्धतीचा उपयोग होत नाही असं अभ्यासातून दिसलंय आणि ती वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, ज्याला गप्प बसायचंय त्याच्या शेजारी गप्प बसा.

आणि कृपा करून "जीव तर वाचला ना, मग झालं" हे वाक्य बंद करा. ज्याचं माणूस गेलंय, ज्याचं सगळं चिखलात गेलंय, त्याच्या दुःखाला त्या एका वाक्याने दार लावलं जातं. वाचलेल्यांपैकी कित्येकांना आपण वाचलो याचंच अपराधी वाटत असतं, मी हात सोडला का, मी आधी का नाही उठवलं, आणि अशा वेळी त्यांना उपदेश नको असतो. नुसतं "तेव्हा जे सुचलं ते तू केलंस" एवढं कोणी शांतपणे म्हटलं तरी माणूस जरा श्वास घेतो.

झोप न लागणं, जोराच्या पावसाचा आवाज आला की छातीत धडधडणं, भूकंपानंतर जमीन हलत नसतानाही हलल्यासारखं वाटणं, चिडचिड, विसरभोळेपणा, हे सगळं अशा वेळी होतंच, त्याला वेड म्हणत नाहीत, आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. लहान मुलं परत अंथरूण ओलं करायला लागतात, आईला सोडत नाहीत, किंवा पूर आला पूर आला असा खेळ सारखा खेळतात, त्यावर ओरडू नका, त्यांची ती समजून घ्यायची पद्धत आहे. त्यांना रोजचा ठरलेला वेळ लवकरात लवकर परत द्या, उठणं, खेळणं, शाळा, झोपणं, मग ती शाळा झाडाखाली का भरेना. पुरुषांकडे जास्त लक्ष द्यायला हवं असं माझं मत आहे, ते दिवसभर धावपळ करतात, सगळ्यांना धीर देतात, आणि रात्री एकटे बसून पितात. कोणी मरणाच्या गोष्टी करत असेल, आठवडेच्या आठवडे झोपत किंवा जेवत नसेल, दारू वाढली असेल, पोरांकडे बघायचंही भान उरलं नसेल तर मात्र शेजाऱ्याच्या आधारावर थांबू नका, डॉक्टरकडे सोबत घेऊन जा. नुसतं "जाऊन ये" म्हणून तो जाणार नाही, सोबत जावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, आणि तो प्रशासनासाठी आहे. कोबेमध्ये नंतर तात्पुरती घरं दिली ती वृद्ध आणि अपंगांना प्राधान्य देऊन लॉटरीने दिली. हेतू चांगलाच होता, पण एका गल्लीतली माणसं दहा दिशांना गेली, अनोळखी भिंतींमध्ये एकटी पडली, आणि पुढच्या काही वर्षांत त्या तात्पुरत्या घरांमध्ये २०० हून जास्त माणसं एकटीच मेली, त्यातली कित्येक मेल्याचं कोणाच्या लक्षातही लगेच आलं नाही. भूकंपातून वाचलेली माणसं होती ही. त्यातून जपान शिकला, २००४ च्या निगाता भागातल्या भूकंपानंतर वस्त्याच्या वस्त्या एकत्र हलवायचा प्रयत्न झाला. २०११ च्या त्सुनामीनंतर इवानुमा शहरातल्या वृद्धांचा अभ्यास झाला, योगायोगाने त्यांची माहिती आपत्तीच्या आधीच गोळा केलेली होती त्यामुळे आधी आणि नंतर अशी तुलना करता आली. जे शेजाऱ्यांसकट एकत्र हलवले गेले त्यांचं एकमेकांकडे येणंजाणं, मिसळणं वाढलेलं दिसलं, आणि जे एकेकटे लॉटरीने गेले त्यांचं कमी झालं.

म्हणून माझी मागणी अशी की पुनर्वसनाच्या फॉर्मवर कुटुंबात किती माणसं या रकान्याखाली आणखी एक रकाना टाका, तुम्हाला कोणाच्या शेजारी राहायचंय. सगळ्यांना हवं तसं देता येणार नाही हे मान्य, पण निदान गल्ली किंवा मजला हा एक गट धरून जागा द्या, बसायला एक सामायिक ओटा आधी बांधा आणि म्हातारी माणसं पहिल्या रांगेत ठेवा म्हणजे येताजाता त्यांची चौकशी होते. साफसफाई आणि दुरुस्तीची कामं बाहेरच्या टीमने परस्पर उरकण्यापेक्षा वस्तीच्या हाताने होऊ द्या, आज सगळे मिळून एक घर, उद्या दुसरं, त्यात वेळ जास्त जातो पण हाताला काम असलेला माणूस रात्री जरा तरी झोपतो. मदत फक्त घेत बसलेला माणूस आतून फार खचतो.

आणि तुम्हा पत्रकारांना एक विनंती. ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या आईला "तुम्हाला आत्ता काय वाटतंय" विचारू नका. त्यापेक्षा सहा महिन्यांनी, वर्षाने परत त्या वस्तीत या, कोण कोणापासून तुटलं, कोणाला कुठे टाकलंय ते विचारा आणि छापा, कारण तोवर तिथे विचारायला दुसरं कोणी येत नसतं, आणि वर्षाच्या त्या तारखेला सगळ्यांच्याच मनात ते सगळं परत वर आलेलं असतं.

आपली,
एक वाचक