‘काही होत नाही’ हे वाक्य तेवढं काढा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला प्लाझ्मादानावरचा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव तेवढा काढून घेऊन पेशी परत देतात त्या दानावरचा, लेख वाचला. भाजलेल्या रुग्णाला प्लाझ्मातलं अल्ब्युमिन हे प्रथिन का देतात, हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठणाऱ्या, मुलांना कोणते घटक लागतात, हे त्यात नीट आलं आहे. माझी तक्रार एका वाक्यापुरती आहे. चौकटीत ठळक अक्षरांत छापलंय, ‘या दानाने शरीराला काहीही होत नाही.’ मी सतरा वेळा प्लाझ्मा दिला आहे आणि अठरावी वेळ जवळ आली आहे, तेव्हा मी काही दानाच्या विरोधातला माणूस नव्हे. पण पहिल्या वेळी मलाही हेच सांगितलं होतं, आणि त्यामुळेच मी मरणाच्या दारात जाऊन आलो. निदान मला तरी तसं वाटलं.

मी घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि चिमट्यात केसासारखी बारीक कमान. सगळं पोट बोटांच्या टोकांवर. खुर्चीत आडवा झाल्यावर माझं लक्ष साहजिकच यंत्राकडे गेलं. दंडाचा पट्टा आवळतो, रक्त नळीतून वर चढतं, वाटीसारखं भांडं गरगर फिरतं, जड पेशी कडेला जातात आणि पिवळसर पाणी बाटलीत उतरतं. मग पट्टा सैल होतो, भांडं थांबतं आणि त्याच सुईतून तांबड्या पेशी परत अंगात येतात. पुन्हा पट्टा आवळतो. असे बरेच फेरे. मी खुशीत होतो.

तिसऱ्या फेऱ्यात पेशी परत येऊ लागल्या तेव्हा वरच्या ओठाला मुंगी चावल्यासारखं झालं. मग दोन्ही ओठ, नाकाचा शेंडा, आणि मग बोटांची टोकं. लहानपणी किल्ली चोखायचो तशी चव तोंडात आली. थंडी वाजून दात वाजू लागले. शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ तोंडावर रुमाल टाकून घोरत होते. त्यांना काही होत नाहीये, मलाच होतंय, म्हणजे बिघाड माझ्याच हृदयात, असा मी हिशेब केला आणि गप्प बसलो. भित्रा म्हणतील ही लाज होतीच. पुढच्या फेऱ्यात अंगठा आपोआप तळहाताकडे वळायला लागला तेव्हा मात्र तोंड उघडलं.

“काका, मुंग्या कधीपासून येताहेत?” परिचारिकेनं विचारलं.

“दहा-बारा मिनिटं झाली असतील.”

“अहो, मग सांगायचं नाही का?”

तिनं यंत्राची दोन बटणं दाबून पेशी परत येण्याचा वेग कमी केला, कॅल्शियमच्या दोन गोळ्या चघळायला दिल्या आणि पायांवर ब्लँकेट टाकलं. पंधरा मिनिटांत बोटं पुन्हा माझी झाली. एवढ्या साध्या उपायासाठी मी दहा मिनिटं मनातल्या मनात मृत्युपत्र लिहीत बसलो होतो.

कारण तिनंच नंतर सांगितलं. रक्त बाहेर काढलं की ते गोठणार. नळीत गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात, म्हणजे लिंबातल्या आम्लाचाच क्षार. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं आणि सायट्रेट त्या कॅल्शियमला धरून ठेवतं. पेशी परत येतात तेव्हा त्यांच्याबरोबर थोडं सायट्रेटही अंगात येतं आणि आपल्या रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी करतं. मज्जातंतू त्यामुळे चेकाळतात, म्हणून ओठ आणि बोटं झिणझिणतात. वेग जास्त असेल किंवा माणूस लहान चणीचा असेल, तर हे लवकर जाणवतं. यकृत आणि स्नायू सायट्रेट भराभर संपवतात, त्यामुळे बहुतेकांचं थोडक्यात निभावतं. दुर्लक्ष केलं तर मात्र बोटं आखडतात, उलटी होते आणि क्वचित हृदयाचे ठोकेही बिघडतात. म्हणजे ओठाची पहिली मुंगी हीच सांगायची वेळ. आणि ‘काही होत नाही’ असं ऐकून आलेला माणूस नेमकी तीच लपवतो.

दुसरा प्रसंग सहाव्या वेळचा. सुई शिरेत नीट बसली नसावी किंवा मीच हात हलवला असेन. पेशी परत येताना कोपराच्या आतल्या बाजूला आग झाली आणि बघता बघता तिथं सुपारीएवढा फुगवटा आला. रक्त शिरेत जाण्याऐवजी बाहेरच्या मांसात चाललं होतं. या वेळी मी ओरडलो. यंत्र लगेच थांबलं, सुई निघाली, दाबून धरलं, बर्फ लावला. दुसऱ्या दिवशी हात जांभळा, चौथ्या दिवशी हिरवट, आठवड्यानं पिवळा. दुखणं फार नव्हतं, पण कोपर वाकवून चिमटा स्थिर धरता येईना, आणि माझ्या धंद्यात स्थिर न धरलेला चिमटा म्हणजे कमान गेलीच. आठ दिवस मी फक्त पट्टे आणि बॅटऱ्या बदलल्या.

हे काळंनिळं होणं तसं नेहमीचं आणि निरुपद्रवी. सुई मज्जातंतूला लागली तर झणका हातातून खाली बोटांपर्यंत जातो आणि बधिरपणा काही दिवस, कधी काही आठवडेही राहतो. धमनीला लागणं त्याहून दुर्मीळ. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचून घेणाऱ्यांची शीर निबर होते, म्हणून मी हात बदलत राहतो. त्या सहाव्या वेळी आणखी एक झालं. भांड्यात अडकलेल्या माझ्या पेशी परत आल्याच नाहीत. तेवढं रक्त गेलं म्हणजे ते रक्तदानातच धरायचं आणि पुढचे काही आठवडे यायचं नाही, असं मला बजावलं. आपल्या लेखात ‘पेशी परत मिळत असल्याने अशक्तपणा येत नाही’ असं आहे. ‘परत मिळाल्या तर’, हे तीन शब्द त्यात हवेत. आणि सगळं सुरळीत झालं तरी नळीत आणि तपासणीच्या नमुन्यांत थोडं थोडं रक्त जातंच. वारंवार देणाऱ्यांनी, विशेषतः पाळी येणाऱ्या बायकांनी, शरीरातलं लोह अधूनमधून तपासून घ्यावं ते यासाठी.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. माझी भाची कॉलेजात आहे. अंगानं बारीक, वजन जेमतेम एक्कावन्न किलो. बऱ्याच ठिकाणी पन्नास ही खालची मर्यादा असते, म्हणजे ती काठावर पास. माझं बघून तिलाही द्यायचं होतं. तिनं विचारलं, “मामा, त्रास होतो का रे?” आणि मी, ओठांच्या मुंग्या आणि जांभळा हात भोगलेला माणूस, म्हणालो, “छे, काही होत नाही.” वाटलं, उगाच कशाला घाबरवा. ती धड काही न खाता गेली, पाणीही पुरेसं प्यायली नाही, झाल्यावर पाच मिनिटांत उठली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर भोवळ येऊन पडली. हनुवटीला टाके पडले. शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, “मामा, तूच म्हणाला होतास ना.” त्यावर मी काय बोलणार?

भोवळ हा रक्तदानातलाही जुना पाहुणा आहे. रक्तदाब आणि नाडी एकदम उतरतात, घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो, कानात सूं आवाज येतो. पहिल्यांदाच देणारी, तरुण आणि कमी वजनाची माणसं त्यात जास्त. प्लाझ्माच्या बाबतीत अंगातलं पाणीच बाहेर गेलेलं असतं. मोठ्या माणसाच्या अंगात प्लाझ्मा साधारण तीन लिटर, त्यातला अर्ध्या लिटरहून जास्त एका बैठकीत निघतो. काही ठिकाणी सलाईन देऊन तो थोडाफार भरून काढतात. ही भोवळ खुर्चीतच येते असंही नाही. घरी जाताना, रांगेत उभं असताना, गरम पाण्यानं आंघोळ करतानाही येते. म्हणून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसायला सांगतात. भाचीला ते सांगितलंही होतं, पण मामानं काही होत नाही म्हटल्यावर कोण बसतं!

हे झाले त्या दिवसाचे त्रास. वरचेवर दिल्यानं काय होतं, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. प्लाझ्मात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि ते एक-दोन दिवसांत भरून येतं, हे खरं. पण औषधासाठी मोल असतं ते उरलेल्या प्रथिनांना, आणि ती त्याच चालीनं भरत नाहीत. जंतूंशी लढणारी इम्युनोग्लोब्युलिन्स तर सावकाश भरतात. अंगातली आहेत त्यातली निम्मी झिजायलाच तीन आठवडे लागतात, बनण्याची चालही तशीच. भरायच्या आत पुन्हा पुन्हा काढत गेलं की त्यांची पातळी खालीच राहते.

म्हणून प्रथिनं मोजतात. ते मोजण्याचं साधन मी हट्टानं बघून घेतलं, कारण ते माझ्या जातीचं आहे. हातात मावेल एवढी दुर्बीण, पुढं काचेची पट्टी. पट्टीवर थेंबभर प्लाझ्मा ठेवून उजेडाकडे बघायचं. प्रथिनांनी प्रकाश किती वाकवला त्यावर आतल्या मापावर गडद-फिकट रेघ पडते. माझी रेघ सातच्या जरा वर होती. अमेरिकेत दर खेपेला ही तपासणी सक्तीची आहे, डेसिलिटरला ६ ते ९ ग्रॅम असेल तरच पुढं. शिवाय दर चार महिन्यांनी प्रथिनांची सविस्तर तपासणी करतात.

एवढी तपासणी त्यांना लागते, कारण तिथं सात दिवसांत दोनदा प्लाझ्मा देता येतो, मध्ये एक दिवस सोडला की झालं. म्हणजे वर्षाला शंभरावर वेळा. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात दोन आठवड्यांचं अंतर आहे, म्हणजे फार तर सव्वीस वेळा. माणसाचं यकृत समुद्र ओलांडला म्हणून चौपट वेगानं प्रथिनं बनवायला लागत नाही. फरक आहे तो असा की अमेरिकेत याचे पैसे मिळतात, आणि जगाच्या औषधांना लागणारा बराचसा प्लाझ्मा तिथूनच येतो. माझ्यासारखा माणूस लाजेपायी मुंग्या लपवतो, तर ज्याला त्या पैशावर आठवडा काढायचाय तो काय काय लपवत असेल?

एचआयव्हीची भीती लोकांच्या मनात आहे, तिलाही मुळात आधार आहे. १९९० च्या दशकात चीनच्या हेनान प्रांतात शेतकऱ्यांकडून प्लाझ्मा विकत घेत. एकाच रक्तगटाच्या अनेकांचं रक्त एकत्र करून त्यातला प्लाझ्मा काढायचा आणि उरलेल्या पेशी वाटून परत टोचायच्या, असा प्रकार चालला होता. एकाचा विषाणू सगळ्यांच्या अंगात गेला आणि गावंच्या गावं उजाड झाली. गाओ याओजिए या निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी ते उघडकीस आणलं आणि त्यापायी पोलिसांचा ससेमिरा सोसला. आज नळ्या, भांडं, सुई सगळं एकदाच वापरायचं असतं आणि दुसऱ्याचं रक्त तुमच्या अंगात येत नाही. तरी मी पाकीट माझ्यासमोर फोडायला सांगतो. परिचारिका हसते, पण फोडते.

ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांचं उदाहरण लेखात असायला हवं होतं. १९५४ ते २०१८ या काळात ते १,१७३ वेळा दान करून आले, त्यातलं बहुतेक प्लाझ्माचं. त्यांच्या प्लाझ्मातल्या अँटी-डी नावाच्या प्रतिपिंडापासून (अँटिबॉडी) गरोदर बायकांसाठी इंजेक्शनं बनत. वर्षाला सरासरी अठरा वेळा भरतात, आणि हा माणूस अठ्ठ्याऐंशी वर्षं जगला. ठरलेलं अंतर राखून दिलं तर शरीर ते कसं पेलतं, याचा एवढा दांडगा दाखला दुसरा नाही. गंमत म्हणजे सुई टोचताना त्यांनी कधी तिकडे बघितलं नाही. मी बघतो, पण सतरा आणि अकराशेमध्ये फरक आहे.

आता भाचीबद्दल. टाके निघाल्यावर तीन महिन्यांनी ती परत गेली. या वेळी तिनं मला काही विचारलं नाही, तिथल्या बाईंनाच सगळं विचारून घेतलं, भरपेट जेवून गेली आणि झाल्यावर वीस मिनिटं खुर्चीतून हलली नाही. ओठांना मुंग्या आल्याच. तिनं लगेच सांगितलं आणि गोळी घेतली.

तेव्हा संपादक महाशय, पुढच्या अंकात चौकट दुरुस्त करून छापाल का? मजकूर मी देतो : ‘ओठ किंवा बोटं झिणझिणली, सुईपाशी फुगलं, डोळ्यांपुढं अंधारलं, तर त्याच क्षणी सांगा. उपाय तिथंच हाताशी असतो.’ जागा कमी पडत असेल तर माझं बाकीचं पत्र खुशाल कापा, घड्याळांचं तर आधी कापा.

आपला,
एक घड्याळ कारागीर आणि नियमित प्लाझ्मादाता